इंजिनाचे ऑईल सील : गळती ओळखावी कशी आणि बदलावे केव्हा

पारनेर तालुक्यात मृगाच्या सरी पडल्या म्हणजे मूग आणि बाजरी यांच्या पेरणीस फार थोडे दिवस मिळतात. जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी व मुरमाड असून तिच्यात ओल टिकत नाही. कवड्या डोंगरावरील पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात तोच वारा शेतातील वरचा थर पाहता पाहता सुकवून टाकतो. अशा ऐन वाफशाच्या दिवसांत ट्रॅक्टर सुरू आहे, गिअर पडला आहे, इंजिन घोंघावत आहे, परंतु पाभर जागची हलत नाही, असा प्रसंग ओढवला तर दोष पुष्कळदा क्लचचा समजला जातो. क्लच उघडून पाहावा तो प्लेट तेलाने भिजलेली आढळते. आणि ते तेल तेथे आलेले असते क्रँकशाफ्टच्या मागील बाजूचे ऑईल सील फाटल्यामुळे. काही शे रुपयांच्या एका रबरी कड्यापायी पेरणीचा मोसम हातचा जातो.

हे कडे काय काम करते ते आधी समजून घेतले पाहिजे. इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, हा तेलाने भरलेल्या पेटीत फिरतो. त्याची दोन्ही टोके मात्र पेटीबाहेर यावी लागतात. पुढच्या टोकावर पंख्याच्या पट्ट्याची पुली बसते, तर मागच्या टोकावर फ्लायव्हील व त्याला लागून क्लच. दांडा बाहेर यावा, पण तेल बाहेर येऊ नये, यासाठी दोन्ही तोंडांशी एकेक सील बसविलेले असते. पत्र्याच्या कड्यावर रबर चढविलेले, आतल्या बाजूस रबराचा पातळ ओठ, आणि तो ओठ दांड्यावर हलकेच दाबून धरणारी बारीक तारेची स्प्रिंग, एवढीच त्याची रचना. ओठाचा दांड्याशी होणारा स्पर्श एका मिलिमीटरच्या अंशाइतकाच असतो व त्यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा राहतो. तो पापुद्राच ओठाला जळू देत नाही.

दांडा ५० मिलिमीटर जाडीचा आणि इंजिनाची गती मिनिटास १५०० फेरे धरली, तर ओठाखालून तासाला सुमारे १४ किलोमीटर लांबीचा पृष्ठभाग घासून जातो. आठ तासांच्या कामात शंभराहून अधिक किलोमीटर. मागचा दांडा याहून जाड असतो, म्हणून तेथील घर्षण आणखी मोठे. हे ध्यानात घेतले म्हणजे सील झिजते याचे नवल वाटत नाही, ते इतकी वर्षे टिकते याचेच वाटते.

पूर्वीच्या इंजिनांत असले रबरी सील सर्वत्र नव्हते. पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. त्यानंतर मोटेच्या जागी ऑईल इंजिने आली, आणि त्या काळच्या संथ गतीच्या कित्येक इंजिनांत तेल परतविण्यासाठी दांड्यावर केवळ एक फेकणारे कडे असे. ॲम्बॅसडर मोटारीच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात मागील टोकास दांड्यावरच उलटे आटे कापलेले होते. दांडा फिरला की ते आटे तेल आत ढकलीत. इंजिन थांबले की चार थेंब खाली पडावयाचेच, आणि मालकही ते गृहीत धरीत असे. आजच्या इंजिनात मात्र थेंब पडू लागले तर ते सांगणे ऐकले पाहिजे.

तथापि खाली तेल दिसले म्हणून सीलच गेले, असे ठरविण्याची घाई करू नये. वरच्या टॅपेट कव्हरच्या गॅसकेटमधून निघालेले तेल ओघळत खाली येते आणि पंख्याचा वारा ते सर्वत्र पसरवितो. यासाठी इंजिन डिझेलने व ब्रशने स्वच्छ धुवावे, पुसून कोरडे करावे, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून ते बंद केल्यावर पाहावे. जेथे प्रथम ओल उमटेल तेथे गळती. मागच्या सीलची गळती क्लच हाऊसिंगच्या तळाशी असलेल्या छिद्रातून ठिबकते. पण त्याच छिद्रातून गिअरपेटीचे तेलही येऊ शकते. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळे व पातळ असते, गिअरपेटीचे तेल दाट असून त्याला उग्र वास असतो. बोटावर घेऊन पाहिले तरी हा भेद बहुधा कळतो.

दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न म्हणजे सील गेले का? नवे सील बसवून महिन्याभरात पुन्हा गळती सुरू झाल्याची तक्रार वारंवार ऐकू येते, आणि दोष सीलच्या दर्जावर टाकला जातो. दर्जा कधी कधी वाईट असतोही. परंतु पुष्कळदा कारण निराळेच असते. इंजिनाच्या पेटीतील वायू बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. तो धूळ व तेलाच्या गाळाने बुजला म्हणजे आत दाब साठतो आणि तो दाब तेलाला सीलमधून ढकलतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तरी हेच घडते. पट्टा वाजवीपेक्षा जास्त ताणला किंवा मुख्य बेअरिंग झिजले तर दांडा मधोमध फिरत नाही व ओठ एका अंगास घासतो. मळणीयंत्र चालविताना ट्रॅक्टर तासन्‌तास भुसा व मातीच्या धुरळ्यात एकाच जागी उभा असतो. तो धुरळा ओलसर सीलवर चिकटून सहाणेप्रमाणे काम करतो आणि पोलादी दांड्यावरही खाच पाडतो. तेव्हा प्रथम ब्रीदर साफ करावा आणि तेलाची पातळी खुणेच्या वर गेली नाही ना, हे पाहावे. कित्येकदा गळती एवढ्यानेच थांबते व इंजिन उघडावेच लागत नाही.

पुढचे सील नुसते ओलसर दिसत असेल तर हंगाम उरकेपर्यंत थांबण्यास हरकत नाही. रोज तेल मोजावे म्हणजे झाले. दर तीन सेकंदांस एक थेंब पडत असेल तर तासाला सुमारे ६० मिलिलिटर, म्हणजे दहा तासांत अर्ध्या लिटरहून अधिक तेल जाते. तेथे थांबू नये. मागच्या सीलची गळती होऊन क्लच घसरू लागला असेल तर एक दिवसही थांबू नये.

पुढचे सील बदलणे हे गावच्या कुशल मेकॅनिकच्या हातचे काम आहे. इंजिन थंड असावे व बॅटरीची तार सोडलेली असावी. पट्टा काढून पुलीचा नट सोडवावा आणि पुली पुलरनेच ओढावी. हातोड्याचे घाव घालून काढलेली पुली पुन्हा सरळ फिरत नाही. जुने सील किती खोल बसले आहे ते मोजून ठेवावे. ते पेचकसाने उचकटू नये, कारण भोकावर ओरखडा पडला तर नवे सील बाहेरच्या अंगाने गळते. सीलच्या पत्र्यात दोन बारीक स्क्रू फिरवून ते पकडीने ओढले की अलगद येते.

आता सील ज्या जागी घासते तेथे नखाची कड आडवी फिरवावी. नख अडकले तर खाच पडली आहे असे समजावे. खाचेवर नवे सील बसविणे म्हणजे पैसे व श्रम दोन्ही वाया घालविणे होय. हाऊसिंगमध्ये जागा असल्यास सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. नाहीतर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी किंवा पुली बदलावी.

नव्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी हे आकडे मिलिमीटरमध्ये छापलेले असतात. ते जुन्याशी ताडून पाहावेत. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तोही पाहावा. साधे नायट्राईल रबर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. अधिक तापणाऱ्या इंजिनास कंपनीने सांगितलेलेच रबर घ्यावे. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत राहिली पाहिजे. रबरी ओठास इंजिनाचे तेल लावावे, नाहीतर कोरडा ओठ पहिल्याच मिनिटांत जळतो. मात्र काही नव्या मोटारींत टेफ्लॉनचे सील असते, ते कोरडेच बसवावयाचे असते. म्हणून पाकिटावरील सूचना वाचावी. दांड्यावरील चावीच्या खाचेची कड ओठास कापते, तिच्यावर पातळ चिकटपट्टी गुंडाळावी व नंतर काढून घ्यावी. योग्य व्यासाचा नळीचा तुकडा ठेवून सील चहूबाजूंनी सारखे ठोकीत बसवावे.

मागच्या सीलसाठी ट्रॅक्टर मधोमध उघडून दोन भागांत वेगळा करावा लागतो. हे काम जाणत्या माणसाकडूनच आणि भक्कम घोड्यांवर आधार देऊनच करवावे. नुसत्या जॅकवर तोललेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही जाऊ नये. एवढे उघडले असताना क्लच बेअरिंग व पायलट बेअरिंगही तपासून घ्यावे. तेलाने भिजलेली क्लचप्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसविण्याचा मोह अनेकांस होतो. तेल अस्तरात मुरलेले असल्याने ती तापली की पुन्हा घसरते.

काढलेले सील लगेच फेकून देऊ नये. ओठ काचेसारखा कडक झाला असेल तर उष्णतेने, एकाच बाजूस रुंद झिजला असेल तर दांडा हलत असल्याने, आणि ओठ कापलेला किंवा स्प्रिंग निसटलेली असेल तर मागच्या वेळी बसविताना झालेल्या चुकीने ते गेले असे समजावे. कारण कळले की मीटरवरचे तास वहीत टिपून ठेवावेत, म्हणजे पुढचे सील किती तास चालले याचा हिशेब मिळतो.