एक बाळंतपण, चार वह्या

समजा, बारवी धरणालगतच्या एखाद्या कातकरी वाडीवरची बाई दिवस भरल्यावर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आली, तिथे बाळंत झाली आणि चार दिवसांनी वाडीवर परतली. या एका बाळंतपणाची सरकारदरबारी चार ठिकाणी नोंद होते, आणि चारही नोंदींचा हेतू वेगळा असतो. माता-बालआरोग्याचे आकडे वाचताना हा हेतू ध्यानात घेतला नाही, तर खरा आकडाही भलतेच सांगू लागतो.

पहिली वही आशाताईची. पाळी चुकल्याचे वाडीत सर्वांत आधी तिला कळते. ती उपकेंद्राच्या नर्सबाईंना सांगते, बारा आठवड्यांच्या आत नाव लागावे अशी अपेक्षा असते. माता-बाल संरक्षण कार्ड हातात पडते आणि बाईला आरसीएच (प्रजनन व बालआरोग्य) नंबर मिळतो. ही वही बाईच्या मागे चालते: तपासण्या किती झाल्या, हिमोग्लोबिन किती, लोहाच्या गोळ्या दिल्या का, बाळाची कोणती लस राहिली. आदिवासी व डोंगरी भागात साधारण तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. बाकीची बहुतेक आकडेवारी आशाताईच्या या वहीच्या पायावर उभी आहे. म्हणून आशाताईचे मानधन आणि तिची पायपीट हे आकडेवारीच्या दर्जाचेच प्रश्न आहेत, असे मी मानते.

दुसरी वही दवाखान्याची. २००८पासून चालू असलेल्या एचएमआयएस या प्रणालीत प्रत्येक आरोग्य संस्था दर महिन्याला आपला हिशेब भरते. इथे बाई दिसत नाही, काम दिसते: प्रसूती किती, सिझेरियन किती, अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची बाळे किती. आपल्या बाईची प्रसूती उल्हासनगरच्या रकान्यात पडते, वाडीच्या नव्हे. तिसरी वही जन्म-मृत्यू नोंदणीची. १९६९च्या कायद्याने जन्म जिथे झाला तिथेच, २१ दिवसांत कळवायचा. म्हणजे तीही उल्हासनगरची.

आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली रीत यात मिसळून पाहा. नाव सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, पुढच्या लसी पुन्हा सासरी. मोठे रुग्णालय असलेल्या शहरात तिथल्या बायकांच्या मानाने जन्म जास्त दिसतात, आसपासच्या गावांत कमी. अंदाजाने धरलेल्या बालकसंख्येवर प्रत्यक्ष दिलेल्या लसी मोजल्या की कधी लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर जाते. त्यावरून कुणाला लबाड ठरवण्याआधी ही ये-जा तपासावी.

चौथी वही अंगणवाडीची, आता पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमध्ये. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचे हे २०२१पासूनचे रूप. सेविका दरमहा वजन-उंची भरते आणि सॅम-मॅमची, म्हणजे तीव्र व मध्यम कुपोषित मुले निघतात. मात्र ज्यांची नावे आहेत आणि जी त्या दिवशी हजर आहेत, तीच मुले मोजली जातात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्या मुलांचे वजन सर्वांत आधी पाहायला हवे, तीच त्या महिन्यांत यादीतून निसटण्याचा धोका असतो.

या चार वह्यांच्या बाहेर दोन पाहण्या आहेत. त्या प्रत्येक बाईपर्यंत पोचत नाहीत, पोचायचा त्यांचा इरादाही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. ही संस्था १९५६ची, सर्वेक्षण १९९२-९३पासूनचे. पाचव्या फेरीत देशभरातल्या ६,३६,६९९ घरांत विचारपूस झाली. पथक स्वतःचा काटा घेऊन घरात जाते, दोन वर्षांखालच्या बाळाला निजवून लांबी मोजते, बोटातून रक्ताचा थेंब घेते. दवाखान्याशी संबंध न आलेले मूलही इथे सापडू शकते, म्हणून कुपोषणासाठी मी आधी हाच आकडा पाहते. त्या फेरीत महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या, तरी पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजी निघाली. दवाखान्यापर्यंतची वाट सुधारली, ताटापर्यंतची नाही.

ठाणे जिल्ह्याच्या तुलनेत मात्र एक खड्डा आहे. चौथी फेरी २०११च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर बेतली होती. त्या ठाण्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड होते. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि पाचव्या फेरीत तो स्वतंत्र आला. दोन फेऱ्यांतले ‘ठाणे’ शेजारी मांडून प्रगती मोजणारा दोन वेगळे प्रदेश मोजतो.

दुसरी पाहणी नमुना नोंदणी पद्धतीची, भारताच्या महानिबंधकांची. निवडलेल्या वस्त्यांत एक गणक वर्षभर जन्ममृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघर फिरतो. दोन्ही याद्या ताडून पाहतात, जुळले नाही ते पुन्हा तपासतात. राज्याचा माता मृत्यू दर इथून येतो: २०१४-१६मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ६१, २०१८-२०मध्ये ३३. तीन वर्षांचे आकडे एकत्र केल्यावरच तो स्थिर होतो. अंबरनाथ तालुक्याचा असा दर मागण्यात अर्थ नाही, तिथे दोन मृत्यूंनीही तो उसळेल. तालुक्याने प्रत्येक माता मृत्यूचे अन्वेषण मागावे: उशीर कुठे झाला, घरात, रस्त्यात की रुग्णालयात.

वह्या कमी सांगतात तेव्हा काय करायचे, हे राज्याने पाहिले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आणि इतर स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव बालमृत्यू स्वतः मोजले. २००१च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने सरकारी नोंदींतून किती मृत्यू गळत होते ते दाखवले. सरकारला त्याची दखल घ्यावी लागली.

बारवीचे पाणी उल्हासनगर, अंबरनाथपर्यंत जाते. त्या पाण्याकाठच्या कातकरी मुलांची उंची-वजने मात्र जाहीर अहवालांत वेगळी शोधायला गेल्यास जिल्ह्याच्या सरासरीत शहरातल्या लाखोंबरोबर विरघळलेली असतात, किंवा ‘अनुसूचित जमाती’ या एका रकान्यात ठाकूर, वारली, कोकणा यांच्यासह बसवलेली असतात. कातकरी ही केंद्राच्याच यादीत विशेष असुरक्षित जमात आहे. अंगणवाडीच्या ॲपमध्ये अंगणवाडीनिहाय नोंद आधीच पडते. नावे वगळून ती वाडीनिहाय, दर तिमाहीला, पंचायत समितीच्या फलकावर लावायला नव्या सर्वेक्षणाची गरज नाही. तिच्याशेजारी त्या तिमाहीत भट्टीवर गेलेल्या मुलांची संख्याही लिहावी.