व्हिडिओ खरा, बातमी खोटी

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडी बाजार. तिथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. टोळी नव्हतीच, व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा होती.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. तो मूळचा कराचीतला, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात. त्यात पुढे तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. चित्रण बनावट नव्हतं, म्हणूनच लोकांना ते पटलं. मला ही तऱ्हा सर्वांत घातक वाटते, कारण इथे डोळ्यांवर विश्वास ठेवणारा माणूसच फसतो.

असा व्हिडिओ आला की आधी विचारावं: गाव कोणतं, तारीख कोणती, तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात? ‘आपल्या भागात’ एवढंच लिहिलेलं असेल तर संशय घ्यावा. मग व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढावा आणि गूगल लेन्समध्ये टाकावा. तेच दृश्य आधी कुठे आलं होतं ते बरेचदा सापडतं. गाड्यांच्या नंबरप्लेट, दुकानांच्या पाट्या पाहाव्यात. आपल्याच काकांनी किंवा मावशीने पाठवलं, हा पुरावा नव्हे. त्यांनाही ते कुणीतरी पाठवलेलंच असतं.