गाळ भरण्याआधी मूठभर हातात घेऊन बघा



तलाव आटले की गाळ उचलायची घाई सुरू होते. हलक्या, मुरमाड रानाला गाळ चांगलाच, त्यात वाद नाही. पण तलाव डांबरी रस्त्याला, गॅरेजला किंवा ट्रॅक्टर-ट्रक धुवायच्या जागेला लागून असेल, तर ट्रॉली भरण्याआधी थोडं थांबा.

डिझेल किंवा जळकं ऑईल पाण्यात पडलं की चार दिवस तवंग दिसतो, मग दिसेनासा होतो. आपण म्हणतो, गेलं. हलका भाग खरंच उडून जातो. जड भाग मात्र बारीक मातीला चिकटून तळाला बसतो. तिथं हवा नसते, त्यामुळे तेल खाणारे जिवाणू फार सावकाश काम करतात आणि ते वर्षानुवर्षं गाळातच राहतं. त्यातल्या पीएएच गटातल्या काही घटकांनी कॅन्सर होऊ शकतो. धुराच्या काजळीतूनही ते तलावात येतात.

आता मासे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या. मृगळ आणि सायप्रिनस तळाचा गाळ उकरतात, म्हणून पहिला फटका त्यांना. माशाचं यकृत हे घटक बरंचसं फोडून बाहेर टाकतं, त्यामुळे मांसात साठा कमी होतो, पण त्रास यकृताला होतो. शिंपल्यांना तेवढंही जमत नाही, त्यांच्यात ते साठत जातं.

अमेरिकेत ओहायो राज्यात ब्लॅक नदी ईरी सरोवराला मिळते. तिच्या काठी दगडी कोळशापासून कोक बनवणारा कारखाना होता. तळाशी राहणाऱ्या माशांच्या यकृतात तिथं कॅन्सरच्या गाठी सापडल्या. १९८३ मध्ये कोकचं काम बंद झालं, गाठींचं प्रमाण उतरलं. पुढे १९९० च्या सुमारास तळाचा गाळ उपसला, तर दोन-तीन वर्षांत गाठी पुन्हा वाढल्या. दबलेलं वर आलं होतं! नंतर त्या परत कमी झाल्या. म्हणून पाणी असलेल्या भागात जेसीबी घालू नका, कोरड्या भागातलाच गाळ घ्या.

तपासायचं कसं? फूटभर खालचा गाळ मूठभर घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, तो कुजलेल्या पाल्याचा. डिझेल-रॉकेलसारखा वास आला तर तो गाळ नको. मग गाळ बादलीभर पाण्यात ढवळा. रंगीत तवंग आला तर काडीने मोडा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो लोखंडाचा. फिरून एक झाला तर तेलाचा. वास-तवंग नसला म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही. जड घटकांना वास नसतो, म्हणून गॅरेजशेजारचा कोपरा सोडूनच द्या.

शेततळ्याचंही तेच. ३०×३०×३ मीटरच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं, म्हणून थोडं ऑईल काय करणार असं वाटतं. पण ते सगळ्या पाण्यात पसरत नाही, तळाच्या गाळात गोळा होतं. डिझेल इंजिन बांधावर ठेवा, खाली पत्र्याचा ट्रे ठेवा. जळकं ऑईल कॅनमध्ये साठवा. माशाला डिझेलचा वास येत असेल तर तो विकू नका, घरीही खाऊ नका.

शंका वाटली तर गाळाचा आणि बादलीतल्या तवंगाचा फोटो, गावाचं नाव लिहून याच नंबरवर पाठवा. ट्रॉली सांगायच्या आधी पाठवा, नंतर नको.