ससून डॉक : जिथे माल परत नेता येत नाही

जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या टेंभुर्णीला समुद्र येतो तो सुकून. आठवडी बाजारात गोणपाटावर बोंबील आणि सुकट मांडलेली असते, तीच आमची समुद्राची ओळख. ताजी मासळी म्हणजे खडकपूर्णा धरणातली रोहू किंवा कटला. पापलेट, सुरमई, घोळ यांचा घाऊक बाजार पाहायचा तर मुंबई गाठावी लागते आणि कुलाब्याच्या ससून डॉकवर उजाडायच्या आत पोचावं लागतं. ज्याचं लहानपण जालन्याच्या मोंढ्यात बापाबरोबर मापाच्या काट्यापाशी बसून गेलं, त्याने हा बाजार एकदा तरी पाहावा. निम्मा बाजार त्याला आधीच कळलेला असतो. उरलेला निम्मा त्याला हादरवून टाकतो.

पहाटे चारच्या सुमाराला गेटातून आत शिरलं की पायाखाली पाणी, बर्फाचा चुरा आणि खवले. बर्फ फोडणाऱ्या यंत्रांचा खडखडाट एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. धक्क्याला एक बोट, तिला खेटून दुसरी, तिच्यापलीकडे तिसरी. मागच्या बोटीतला माल पुढच्या बोटींवरूनच पार होतो. खलाशी पोटातल्या खणात उतरतात, बर्फातली मासळी टोपल्यांत भरतात आणि हातोहात वर देतात. ट्रॉलर आठवडा-दहा दिवस समुद्रात असतो. पहिल्या दिवसाची मासळी खणाच्या तळाशी आणि शेवटच्या दिवसाची वर. म्हणून एकाच बोटीतून उतरलेल्या एकाच जातीच्या दोन ढिगांना वेगळा भाव मिळतो. हा फरक कागदावर कुठेच नसतो, तो घेणारीच्या बोटांना कळतो.

घेणारीच्या म्हटलं ते जाणूनबुजून. आमच्या मोंढ्यात लिलावाच्या घोळक्यात बाई दिसत नाही. पोती निवडायला, झाडलोट करायला बाया असतात, भाव बोलायला नाही. इथे भाव बोलणाऱ्यांत कोळणी पुढे. कोळी समाजात पुरुषाने समुद्रावर जायचं आणि बाईने मासळी विकायची ही वाटणी फार जुनी. त्यामुळे पैसा आधी तिच्या हातात पडतो आणि घरातल्या व्यवहारात तिचा शब्द चालतो. ढीग जमिनीवर ओतला की भोवती कोंडाळं जमतं. लिलाव पुकारणारा आकडा उचलतो, आकडा चढतो, कुणी मान हलवतं, कुणी नुसतं बोट उचलते आणि मिनिटभरात ढीग विकला गेलेला असतो. त्याच्या आधीच्या काही क्षणांत घेणारीने कल्ले उघडून लाली पाहिलेली असते, डोळा पारदर्शक आहे की दुधाळ हे पाहिलेलं असतं, अंगठा दाबून मांस परत वर येतंय का हे तपासलेलं असतं. मी एका मावशीला विचारलं, चुकत नाही का कधी? ती म्हणाली, "चुकलं तर दुपारी गिऱ्हाईक सांगतं ना, दादा. एकदा सांगितलं की परत नाय चुकत."

मोंढ्यात एके काळी भाव रुमालाखाली ठरायचा. अडत्या आणि व्यापारी कपड्याआड एकमेकांची बोटं दाबत आणि शेतकरी शेजारी उभा राहूनही आंधळा. बाजार समित्यांच्या नियमांनी तो प्रकार बंद करून उघडा लिलाव आणला, आणि ते मोठंच काम झालं. पण ससून डॉकवर उभं राहिल्यावर कळतं की उघडा लिलावसुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो. सोयाबीनचा भाव पटला नाही तर शेतकरी निदान पोती घरी नेऊ शकतो, गोदामात ठेवू शकतो. आमच्या मोसंबीलाही झाडावर चार दिवस मिळतात. मासळीला काहीच मिळत नाही. ऊन चढलं की भाव उतरतो, आणि नाखव्याला दुसऱ्या फेरीसाठी डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन लगेच हवं असतं. त्यासाठी व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली असेल तर माल त्यालाच द्यायचा, ही रीत आपल्या सगळ्या किनाऱ्यावर आढळते. अडत्याकडून बी-भरणाला उचल घेणाऱ्या जालन्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. माल किती थांबू शकतो आणि मालक किती बांधला गेलाय, भाव त्यावर ठरतो. पुकारा त्यानंतरचा.

ही गोदी मासळीसाठी बांधलेलीच नव्हती. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांचे चिरंजीव अल्बर्ट यांनी समुद्रात भराव टाकून 1875 साली ती उभी केली. पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून झालं तेच हे घराणं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागला, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि गाठी थेट जहाजात चढवायला पश्चिम हिंदुस्थानातली ही पहिली बंदिस्त गोदी झाली. चारच वर्षांत, 1879 मध्ये, ती सरकारने विकत घेतली. मोठी जहाजं पुढे दुसऱ्या गोद्यांकडे गेली आणि इथे मासळी आली. आमच्या शिवेपलीकडच्या वऱ्हाडातला कापूस ज्या काळात मुंबईहून विलायतेला जात होता, त्या काळाचं हे दगडी काम आहे. त्यावर उभं राहून मला आमचा मुलूख या धक्क्याला फार परका वाटला नाही.

मासळीबाजार म्हटला की जगभरच्या लोकांना आठवतो तो टोकियोचा. 1923 च्या भूकंपात तिथला निहोनबाशीचा जुना बाजार उद्ध्वस्त झाला आणि 1935 मध्ये त्सुकिजीचा बाजार सुरू झाला. ऑक्टोबर 2018 मध्ये तो तोयोसूच्या नव्या, थंड ठेवलेल्या बंद इमारतींत गेला. पहाटे साडेपाचच्या सुमाराला तिथे ट्यूनाचा लिलाव होतो. परवानाधारक खरेदीदार टोपीवर नंबरची पट्टी लावून येतात, शेपटीकडच्या कापलेल्या भागावर विजेरी मारून चरबी पाहतात, मांसाचा कण बोटांत चोळतात, आणि बोटांच्या खुणांनी बोली देतात. पाहुण्यांनी काचेमागच्या सज्ज्यात उभं राहायचं. जानेवारी 2019 मध्ये वर्षाच्या पहिल्या लिलावात 278 किलोचा एक ट्यूना 33 कोटी 36 लाख येनला गेला, तेव्हाच्या दराने वीस कोटी रुपयांहून जास्त. त्या आकड्यात शुभशकुन आणि जाहिरात यांचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे मासा असा गाजतो तो घोळ, आणि तोही मुख्यतः पोटातल्या फुग्यासाठी, ज्याला पूर्व आशियात मोठी मागणी आहे. 2021 साली पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका नाखव्याला एका फेरीत दीडशेच्या वर घोळ मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटीच्या वर रुपये झाले.

तोयोसूची स्वच्छता आणि थंडावा आपल्याकडे यायलाच हवा, यात मला शंका नाही. जमिनीवर ओतलेला मासा तासाभरात जेवढा उतरतो, तेवढं नुकसान समुद्रावर राबलेल्या माणसाचंच होतं. पण नव्या इमारती बांधताना कोळणींची जागा कुठे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. 2021 मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळची मोडकळीला आलेली शिवाजी मंडई रिकामी करून घाऊक विक्री ऐरोलीला न्यायचा विचार पुढे आला, तेव्हा कोळणी रस्त्यावर आल्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं. पहाटे डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर माल घेऊन सकाळी शहरात विकायचा असेल तर खाडीपल्याडचं अंतर धंदाच मोडून टाकतं.

लिलावाच्या गर्दीपासून थोडं आत कोळंबी सोलणाऱ्या बाया बसतात. बर्फाच्या पाण्यात तासन् तास हात. मजुरी तासावर नाही, सोललेल्या मालावर. यात कोळणी आहेत तशा पोट भरायला मुंबईत आलेल्या बंजारा बायाही आहेत. सोललेली कोळंबी आणि माकूल पुढे गोठवून परदेशी जातं. आपल्याकडच्या राणी माशाच्या लगद्याचं जपान हे एक मोठं गिऱ्हाईक. टोकियोच्या ताटात यातलं काही पोचतही असेल, पण ते सोलणाऱ्या हाताची बोटं मात्र इथे पांढरी पडून सुरकुतलेली असतात. कापूस वेचणाऱ्या आमच्याकडच्या बायांना किलोवर मजुरी मिळते, हिशेब तोच.

ढिगांमध्ये पापलेट शोधत होतो. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. दिसली ती बरीचशी तळहाताएवढी, अजून अंडी न घातलेली असावीत अशी. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लं उचलली गेली तर पुढच्या हंगामात येणार काय? बियाण्याचं पोतं दळायला नेण्यासारखं आहे हे. राज्य मासा ठरवला तर त्याची पिल्लं विकणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनाही डॉकवरच अडवलं पाहिजे.

पाहायला जायचं असेल तर जून-जुलै टाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा निघाल्या की धक्का गजबजतो. रबरी चप्पल घाला, भिंतीच्या कडेने चाला, डोक्यावर पाटी घेतलेल्या माणसाला आधी वाट द्या, आणि फोटो काढण्याआधी विचारा. सात-साडेसातपर्यंत मोठे सौदे उरकलेले असतात. त्यानंतर कोळणी आपापला माल बर्फात घालून टेम्पोत चढवतात आणि शहरभरच्या मंडयांत विकायला निघतात.