वऱ्हाडच्या कापसाची आगगाडी : मालक एक, चालक दुसरा

वऱ्हाडातील रेल्वेचा इतिहास कापसाशी निगडित आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला आणि येथील कापसाला मुंबई बंदर जवळ आले. १८७० मध्ये खामगावची बाजारपेठही शाखामार्गाने जोडली गेली. तथापि मुख्य मार्गापासून दूर असलेल्या यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव व अचलपूर या भागांतील माल बैलगाड्यांवरच अवलंबून होता. ही उणीव ज्या मार्गाने भरून काढली, तो पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखला जाऊ लागला.

कंपनीची स्थापना

शाखामार्ग बांधण्यासाठी त्या काळी सरकार खाजगी भांडवलाला उत्तेजन देत असे. कंपनीने भांडवल उभारून मार्ग बांधावा, मुख्य रेल्वेने त्यावर गाड्या चालवाव्यात आणि उत्पन्नातील ठरलेला वाटा कंपनीस द्यावा, अशी ही पद्धत होती. मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनी या पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला होता. कंपनीच्या नावात त्याचेच प्रतिबिंब दिसते.

मुख्य मार्गावरील मूर्तिजापूर मध्यवर्ती धरून एक फाटा यवतमाळकडे सुमारे ११३ किलोमीटर, तर दुसरा अचलपूरकडे सुमारे ७६ किलोमीटर गेला. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट असल्याने बांधणीचा खर्च कमी आला. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या गेल्या, की त्या या गाडीने मूर्तिजापुरास येत. तेथे त्या रुंदमापी वाघिणींत चढवून मुंबईकडे आणि पुढे जहाजाने परदेशी रवाना होत.

दुहेरी व्यवस्था

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कारभार १९२५ मध्ये सरकारने आपल्याकडे घेतला आणि १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली. शकुंतलेचा मार्ग मात्र खाजगी कंपनीच्या मालकीचाच राहिला. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे, असा हा अपवादात्मक प्रकार स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला.

प्रारंभी सोयीची ठरलेली हीच व्यवस्था पुढे अडचणीची झाली. ज्या मार्गाची मालकी आपली नाही, त्यावर मोठा खर्च करण्यास चालक उत्सुक नसतो. आणि ज्याचे उत्पन्न घटत आहे, त्यात नवे भांडवल घालण्यास मालक धजत नाही. त्यातच रस्ते सुधारले. मालमोटार थेट जिनिंगच्या दारातून गाठी उचलू लागली. मूर्तिजापुरास माल उतरवून पुन्हा चढविण्याचा खर्च व वेळ व्यापाऱ्यांना परवडेनासा झाला. कापसासाठी जन्मलेली गाडी अखेर मुख्यतः प्रवाशांची गाडी झाली. कमी भाड्यात प्रवास करणारे शेतमजूर, विद्यार्थी व बाजारकरी हाच तिचा आधार होता. अनेक स्थानकांवर गार्डच तिकिटे देत असे.

मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले व डिझेल इंजिन आले. परंतु रुळांचे दुखणे तसेच राहिले. २०१६ च्या सुमारास यवतमाळ फाट्यावरील गाडी थांबली. मार्ग रुंदमापी करावा, ही त्या परिसरातील जनतेची आग्रहाची मागणी आहे.

पुढील वाटचाल

दरम्यान वर्धा–यवतमाळ–नांदेड या रुंदमापी मार्गाचे काम हाती घेण्यात आले असून, त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यास थेट मुख्य प्रवाहाशी जोडणारा पर्याय आकारास येत आहे. मूर्तिजापूर ते अचलपूर या पट्ट्यातील शेतकऱ्यांचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. रेल्वे बांधणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिच्या देखभालीची जबाबदारी एकाच हाती निश्चित असणे महत्त्वाचे आहे. शकुंतलेचा शतकभराचा इतिहास हेच सांगतो.