वखार, तागा आणि नोंद

बऱ्हाणपुरातील एका कापडाच्या वखारीत मी १९९८ साली दिवाणजी म्हणून रुजू झालो आणि २०२३ चा मार्चअखेरचा ताळेबंद पुरा करून त्या गादीवरून उठलो. या पंचवीस वर्षांपैकी पहिली वीस आमची वखार एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चालली आणि उरलेली पाच संगणकाच्या पडद्यावर, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

‘वखार’ हा शब्द या गावाला नवा नव्हे. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो येथे उतरला, तेव्हा शाहजादा परवेझकडे त्याने जी मागणी केली ती वखार घालण्याच्या परवानगीचीच होती. आणि पुढे त्या शतकाच्या मध्यास आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील झिरझिरीत सुती कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे नमूद करून ठेवले आहे. इतक्या दूर जाणाऱ्या मालात मागितला तोच नमुना आणि तितकेच नग गिऱ्हाइकाच्या हाती पडावेत, ही विवंचना त्या काळच्या गुमास्त्यासही असलीच पाहिजे. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे आले. मराठी दफ्तरात या विवंचनेवरचा उपाय रुजुवात या एका शब्दात सामावलेला होता : लिहिलेले लिहिलेल्याशी, आणि लिहिलेले प्रत्यक्ष शिलकेशी, ताडून पाहणे. आमच्या वखारीत रोजकीर्द होती, खतावणी होती, दिवाळीत दोहोंची यथासांग पूजाही होत असे. रुजुवात मात्र वर्षातून एकदा, मार्चअखेरीस, आणि तीही प्राप्तिकरासाठी.

माल म्हणजे यंत्रमागावरचे ग्रे मार्किन, केंब्रिक, धोतरे आणि शर्टाच्या कॉलरीत जाणारे बकरम. पन्हे निरनिराळे, वजने निरनिराळी, आणि बाहेरून पाहता सारे तागे सारख्याच मळकट पांढऱ्या रंगाचे. येथल्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे व त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ असे दोन्ही वर्षांक दिलेले आहेत. एकच गोष्ट दोन रीतींनी लिहून ठेवण्याची सवय या गावाला चारशे वर्षांची आहे. आमच्याकडे दुर्दैवाने ती चार रीतींनी लिहिली जाई. शेठजींची चिठ्ठी गुजरातीत, विणकरांची उर्दूत, हमालांची तोंडी निमाडीत आणि माझी वही मराठीत. त्यामुळे एकाच कापडाला चार नावे आणि क्वचित एकाच नावाची दोन कापडे, असा प्रकार नित्याचा होता. आकड्यांची तऱ्हा याहून बिकट. उर्दूतील पाच वाटोळा असतो, देवनागरी शून्याचा जुळा भाऊ म्हणावा असा. एकदा एका वृद्ध विणकराच्या चिठ्ठीवरील पंधरा तागे मी दहा म्हणून जमा केले, आणि पुढे तोच माल मागणाऱ्या अडत्यास ‘शिल्लक नाही’ असे कळविले, त्या वेळी ते पाच तागे माझ्या बैठकीपासून दहा हातांवर, धूळ खात, उभे होते.

या सर्वांवर तोडगा म्हणजे आमचे कोठावळे. त्यांना सारी वखार चाचा म्हणे. कोणता तागा कोणत्या मागावरून आला, कोणत्या खणात मागे दडला आहे, हे ते अंधारात हात लावून सांगत, आणि त्यांच्या या विद्येचे कौतुक करण्यात आम्ही इतके गढलो होतो की तीच वखारीची खरी उणीव आहे हे कोणाच्या ध्यानी आले नाही. २०१६ साली चाचा चाळीस दिवसांसाठी हजला गेले. त्या चाळीस दिवसांत मऊ बकरमाच्या जागी कडक बकरम गेले, एका गावच्या गाठी दुसऱ्या गावच्या बिल्टीवर चढल्या, आणि परत आलेल्या मालाचे भाडे शेठजींनी, एक शब्दही न बोलता, माझ्यासमोर बसून मोजले.

तरीही आम्ही बदललो ते सरकारी धाकाने, हे कबूल केले पाहिजे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल राज्याबाहेर न्यावयाचा तर ई-वे बिल सक्तीचे झाले. पूर्वी चुकीचा तागा गेला तर ‘पुढील गाठीत वळता करू’ एवढ्या पत्रावर भागे. आता बिलात एक आणि गाडीत दुसरे निघाले की गाडी वाटेतच अडणार. त्याच वर्षी शेठजींनी गोदामाचे सॉफ्टवेअर घेतले.

ते आले तेव्हा माझी समजूत अशी की यंत्र आता मोजील व आपण पाहू. परंतु त्याने पहिली मागणी केली ती आमच्याकडे : प्रत्येक कापडास एकच नाव द्या आणि प्रत्येक खणास एक क्रमांक. या दोन कामांस सहा आठवडे लागले, कारण शेठजी, विणकर आणि हमाल यांना मान्य होईल असे नाव ठरविणे हे तहाच्या वाटाघाटींपेक्षा सोपे नव्हते. मग तीन दिवस दरवाजे लावून मोजदाद झाली. वही आणि शिल्लक यांचा मेळ बसला नाही तो नाहीच.

पुढचे वर्ष तर पहिल्यापेक्षा वाईट गेले. प्रत्येक ताग्यावर बारकोडाची चिठ्ठी डकवायची आणि गाठ बांधताना ती स्कॅनरने वाचायची, असा नियम. परंतु दहा तागे एकाच जातीचे दिसले की आमचे हमाल सोयीसाठी एकच चिठ्ठी दहा वेळा वाचवीत. पडद्यावर दहाची संख्या बरोबर, गाठीत मात्र दोन तागे भलत्याच पन्ह्याचे! दोष हमालांचा नव्हता. सर्व ताग्यांना एकच संकेतांक देण्याची काटकसर आम्हीच केली होती. प्रत्येक ताग्यास स्वतंत्र क्रमांक दिला, एकदा वाचलेली चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली की यंत्राने ओरडावे अशी तजवीज केली, तेव्हा कोठे गाडी रुळावर आली. चाचांनी प्रारंभी या डब्याची यथेच्छ टिंगल केली. पण एकाच कापडाच्या दोन लॉटांच्या पांढऱ्या रंगात फरक असतो आणि ते एका गाठीत गेले तर शिवणाऱ्याचे नुकसान होते, ही गोष्ट सॉफ्टवेअर बसविणाऱ्या मुलास त्यांनीच समजावली, आणि लॉट क्रमांकाचा रकाना त्यांच्या आग्रहाने आला.

यंत्राला सर्व कळते असे मात्र कोणी समजू नये. चिठ्ठीवर शंभर मीटर लिहिले आणि घडी घालणाऱ्याने अठ्ठ्याण्णवच मोजले असतील, तर ते असत्य यंत्र मोठ्या निष्ठेने गिऱ्हाइकापर्यंत पोचविते. माझ्या मते त्याचा खरा उपकार वेगाचा नाही; जेथे माल हलतो तेथेच आणि हलतो त्याच क्षणी नोंद करावयास त्याने भाग पाडले, आणि संध्याकाळी आठवून लिहिण्याची माझी पिढीजात खोड मोडली. चूक झाली तर ती कोणत्या खणात आणि किती वाजता झाली हे दिसू लागले, आणि त्यामुळे ती कोणाची यावरची भांडणे विझली.

गिऱ्हाईक संतुष्ट झाले हे मला कोणाच्या प्रशस्तिपत्रावरून कळले नाही. एक अडत्या वर्षानुवर्षे आमची प्रत्येक गाठ फोडून तागे मोजीत असे व मगच रक्कम देई. २०२१ च्या दिवाळीनंतर त्याने गाठी फोडणे सोडले आणि त्याची रक्कम आठ दिवस आधी येऊ लागली.

ज्यांच्या वखारीत हे यंत्र अजून यावयाचे आहे त्यांना एवढेच सांगणे आहे की, ते मागविण्यापूर्वी आपल्या मालाच्या नावांची एक यादी करावी, आणि ती शेठजींकडून नव्हे, हमालाकडून वाचून घ्यावी.