समोरचा टाइप करत राहतो

गूगलमधल्या इंजिनियरच्या नोकरीसाठीची पहिली तांत्रिक फेरी वर्षानुवर्षं एका कोऱ्या गूगल डॉकवर होत आली. साधारण 45 मिनिटांची. त्या पानावर कोड चालवून बघता येत नाही, चुकलं तर तांबडी रेघ उमटत नाही. उमेदवार मोठ्यानं विचार करत लिहीत जातो आणि पलीकडे कीबोर्डची टकटक चालू असते. मुलाखत घेणारा जमेल तेवढं सगळं टिपून घेतो, कारण निर्णय त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. ही टिपणं निवड समितीकडे जातात आणि समितीनं उमेदवाराला पाहिलेलंही नसतं. साहेबाच्या मर्जीवर नोकरी ठरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण त्या टकटकीतून काय उतरलं, हे ज्याच्याविषयी उतरलं त्याला सहसा कळत नाही, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

आपल्या पद्धतीची झडती कंपनीनं स्वतःच घेतली, हे मान्य करायला हवं. मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझलो बॉक यांनी 2013 साली जाहीरपणे सांगून टाकलं, की विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील छापाची कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, एवढाच त्यांचा उपयोग. (तोवर असली कोडी घोकण्यात किती जणांच्या रात्री गेल्या, ते कोण मोजणार?) मुलाखतींची संख्याही चारवर आणली गेली. चार मुलाखतींत निर्णयाची 86 टक्के खात्री मिळते आणि पाचवीपासून प्रत्येक फेरी जेमतेम 1 टक्क्याची भर घालते, असं त्यांच्याच आकडेवारीत दिसलं होतं. मात्र हे 86 टक्के कंपनीच्या खात्रीचे आहेत. घेतलेला माणूस कसा निघाला ते तिला रोज दिसतं. नाकारलेला कसा निघाला असता, याची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते.

यावर ठरलेलं उत्तर असं, की चुकीचा माणूस आत येण्यापेक्षा चांगला माणूस बाहेर राहिलेला परवडतो. कंपनीला परवडतो, खरंच; तिच्या दारात रांग संपत नाही. पण 2010 मध्ये नाकारलेल्या इंजिनियरांचे 3 लाख अर्ज तिनंच पुन्हा चाळले, 10 हजारांचा नव्यानं विचार केला आणि त्यातून 150 जणांना नोकरी दिली. म्हणजे चाळणीतून चांगले दाणेही खाली पडतात, हे तिलाही ठाऊक होतं. दुसरं उत्तर कायद्याचं: कारण सांगितलं की वाद ओढवतो. सविस्तर शेरे देऊ नयेत, इथवर ते पटतं. पण चारपैकी कुठली फेरी कमी पडली, एवढं सांगितल्यानं कुठला खटला उभा राहणार? टिपणं तर लिहून तयारच असतात. हिंजवडीत आधीच नोकरी करणारा, रजा टाकून या फेऱ्या देणारा मुलगा ‘तूर्तास पुढे जाता येत नाही’ अशी मेल वाचतो, तेव्हा त्याला सहानुभूती नको असते. पुढच्या वेळी ग्राफचे प्रश्न सोडवत बसायचं, की मोठ्यानं विचार करायची सवय लावायची, एवढंच त्याला ठरवायचं असतं.